तीन डबे, अकरा डबे

या वेळचं पत्र थोडं काटछाट करून देतो आहे. खाली सही आहे 'तीन डब्यांची साक्षीदार'.

'नमस्कार काका,

आमच्या लग्नाला १७ वर्षं झाली. नवरा चांगला आहे, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही भलताच सल्ला द्याल. त्याच्याकडे एक किस्सा आहे. एकच. लग्नानंतर पहिल्या वर्षी आम्ही रेल्वेने निघालो होतो. मधल्या एका स्टेशनवर तो पाण्याची बाटली भरायला उतरला, गाडी सुटली, तो धावला आणि चढला. संपलं. एवढ्याशा गोष्टीवर तो पाऊण तास बोलतो. ज्यांना आधी दोनदा सांगून झालंय त्यांनाही तितक्याच उत्साहाने सांगतो.

सुरुवातीला तो तीन डबे धावला होता. मुलगी झाली तोवर पाच झाले. नव्या घरात राहायला गेलो तेव्हा आठ. परवा त्याच्या मित्राकडे वीसेक माणसं जमली होती, तिथे तो म्हणाला, "अकरा डबे!" माझ्या तोंडून निघून गेलं, "तीन." सगळे गप्प. तो म्हणाला, "बरं, मग तूच सांग." मी सांगितलं. चार वाक्यांत संपलं. कोणी हसलं नाही. एकाने "मग?" असं विचारलं.

घरी येताना तो एक शब्द बोलला नाही. त्याला आता तीन आठवडे झाले. कामापुरतं बोलतो, पण चारचौघांत तोंड मिटून बसतो. लोक मला बाजूला घेऊन विचारतात, यांना बरं नाही का? मला सांगा, मी खोटं काय बोलले? तीनच डबे होते. नवरा खोटं बोलत असेल तर बायकोने मान डोलवायची का?

ता. क. त्याच्या किश्श्यात पुढे सिग्नल लागतो आणि गाडी हळू होते. सिग्नल वगैरे काही नव्हता. साखळी मी ओढली होती. बाटली अजून घरात आहे, पोचा आलेली.'

ताई,

डबे तीनच होते. हे आधी लिहून टाकतो, कारण तेवढं कानावर पडल्याशिवाय पुढचं काही तुम्ही वाचणार नाही. मूळ पत्रात त्या 'तीन'खाली तुम्ही दोन रेघा मारल्या आहेत आणि दुसरी मारताना कागद फाटला आहे.

आता माझी कबुली. या खटल्यात न्यायाधीश म्हणून बसायला मी लायक नाही. मी आरोपीच्या गोटातला माणूस आहे. माझा किस्सा चोराचा. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात खुडबुड झाली, मी काठी घेऊन गेलो आणि मांजर निघालं. एवढ्या भांडवलावर मी ३४ वर्षं दुकान चालवलं आहे. मूळ घटनेत काठी नव्हती, छत्री होती. छत्रीची काठी कधी झाली ते मला खरंच सांगता येणार नाही. एके दिवशी ती झालेली होती. मांजरही आधी लहान होतं.

आमची ही मध्ये बोलत नाही. मी 'एकदा काय झालं' म्हटलं की ती चष्मा काढून पुसायला घेते. डावी काच पुसली तर अर्थ, 'यांना सांगून झालंय.' उजवी पुसली तर, 'आवरा.' आणि दोन्ही काचा पुसून झाल्यावर चष्मा डोळ्यांवर न जाता मिटून मांडीवर आला, तर त्या रात्री चोराला अर्ध्यात सोडून मला दुसऱ्या विषयाकडे वळावं लागतं. पाहुण्यांना यातलं काही कळत नाही. त्यांना वाटतं, बाईंना काचा स्वच्छ लागतात.

तेव्हा तुमच्या यजमानांची बाजू मला आतून ठाऊक आहे, आणि तुमची बाजू मला रोज समोर दिसते.

आधी सोपं ते उरकतो. सांगून झालंय त्यांनाच ते पुन्हा का सांगतात? मुद्दाम नाही हो. कोणाकडून काय ऐकलं हे माणसाला बऱ्यापैकी आठवतं, पण आपण कोणाला काय सांगितलं हे तितकंसं आठवत नाही. २००९ मध्ये नायजेल गोपी आणि कॉलिन मॅक्लाउड या मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केले. काही जणांना प्रसिद्ध माणसांच्या छायाचित्रांना एकेक माहिती सांगायला लावली, काहींना त्याच छायाचित्रांकडून माहिती 'मिळाली', आणि मग कोणती माहिती कोणत्या चेहऱ्याची ते विचारलं. सांगणारे मागे पडले. बोलताना माणसाचं लक्ष स्वतःच्या बोलण्यावर असतं, समोरच्या चेहऱ्याची नोंद पक्की होत नाही. तुमचे यजमान किस्सा सांगत असतात तेव्हा त्यांना समोर श्रोते दिसत नसतात, फलाट दिसत असतो. मग पुढच्या खेपेला तेच श्रोते त्यांना कोरे वाटतात, यात नवल नाही.

(हे मी हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मला तर तुम्ही शंभर वेळा सांगितलंय, मी पण कोरीच वाटते का?' शास्त्राला सगळं विचारू नये.)

आता डब्यांकडे वळू. 'नवरा खोटं बोलत असेल तर' असं तुम्ही लिहिलं आहे. मला हा शब्द जड वाटला. खोटं बोलणाऱ्याला समोरच्याकडून काहीतरी हवं असतं: पैसे, सुटका, निदान एखादी सबब. अकरा डब्यांतून तुमच्या यजमानांना काय मिळालं? त्या वीस जणांपैकी कोणी घरी जाऊन वहीत टिपून ठेवणार होतं का, की अमुक गृहस्थ अमुक डबे धावले? ऐकणाऱ्याला अकरा हा आकडा ऐकूच येत नाही, त्याला दम ऐकू येतो. तीन डब्यांचा दम तीन म्हणून पोचत नाही, ही सांगणाऱ्याची अडचण आहे. बायको आत, आपण बाहेर, गाडी निघालेली, हातात भरलेली बाटली. त्या क्षणी त्यांना जे वाटलं ते अकरा डब्यांएवढंच होतं. दरवर्षी त्यांना तेच वाटणं पोचवायचं असतं आणि आठवण दरवर्षी जरा फिकी होते. मग ते एखादा डबा जोडतात.

तुम्ही मात्र त्याच किश्श्याचा पंचनामा केलात. गाडी सुटली, हा धावला, तीन डबे, चढला. बरोबर, बिनचूक आणि मेलेलं. 'मग?' असं विचारणाऱ्या त्या गृहस्थांचा मला राग येत नाही. पंचनामा वाचल्यावर माणूस हेच विचारतो.

दुरुस्तीच्या सवयीने किती दूर जाता येतं ते सांगतो. माझ्या ओळखीचं एक जोडपं आहे, दोघेही प्रेमळ, दोघांची स्मरणशक्ती उत्तम, आणि तीच भानगड आहे. गेल्या वर्षी ते आमच्याकडे आले होते. गृहस्थ म्हणाले, 'मंगळवारी आमच्या शेजाऱ्यांनी गच्चीचं दार लावलं आणि...' बाई म्हणाल्या, 'बुधवारी.' 'नाही गं, मंगळवारीच, कारण सोमवारी आपण दवाखान्यात गेलो होतो.' 'दवाखान्यात मंगळवारी गेलो. सोमवारी डॉक्टर नसतात.' 'ते जुने डॉक्टर. नवे असतात.' इथून गाडी जुने डॉक्टर का सोडले यावर गेली, तिथून त्यांच्या मुलाच्या लग्नावर आणि तिथून ते लग्न कोणत्या वर्षी झालं यावर. दोन तासांनी दोघं उठली. वार ठरला होता, बुधवारच निघाला. गच्चीचं दार लावल्यावर शेजाऱ्यांचं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. बिचारे अजून गच्चीवरच असतील.

तुम्ही तशा नाही, हे मी मानतो. १७ वर्षं गप्प राहिलात. पाच झाले तेव्हा बोलला नाहीत, आठ झाले तेव्हा बोलला नाहीत. मग अकरालाच का? म्हणून मी पत्र पुन्हा वाचलं, आणि या वेळी शेवटाकडून.

ताई, पत्र ताजा कलमातच आहे. वरचं सगळं पाकीट आहे.

तुमच्या पोटात दुखतंय ते डबे वाढल्यामुळे नाही. डबे वाढत गेले आणि तुम्ही कमी होत गेलात, म्हणून दुखतंय. तीन डब्यांच्या आवृत्तीत साखळी होती ना? मला वाटतं, होती. पाचच्या आवृत्तीत 'हिने साखळी ओढली आणि गाडी थांबली' हे घाईघाईत उरकलं गेलं असेल. आठच्या वेळी 'कोणीतरी' ओढली असेल. अकराव्या डब्यापाशी पोचेपर्यंत सिग्नल लागला. खिडकीतून बघणारी एक नवी नवरी तेवढी उरली, आणि तीही कदाचित रडत असेल. तुम्ही लिहिलं नाहीये, पण असल्या किश्श्यांमध्ये खिडकीतली बाई बहुधा रडते. वीस माणसांपुढे 'साखळी मी ओढली' असं म्हणणं म्हणजे स्वतःचीच पाठ थोपटून घेणं, ते तुम्हाला जमलं नाही. म्हणून 'तीन' म्हणालात. आकड्यावर भांडणं सोपं असतं.

यातही यजमानांनी काही कट केला असेल असं मला वाटत नाही. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. इंग्रज वाचकांना त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासींची एक भुताखेतांची लोककथा दिली आणि काही काळाने, पुन्हा काही काळाने, ती आठवून लिहायला सांगितली. कथेचा सांगाडा उरला, पण वाचकांच्या डोक्यातल्या साच्यात जे बसत नव्हतं ते गळत गेलं किंवा ओळखीचं होत गेलं. त्यातली भुतं पातळ झाली, झाडाच्या खोडाची होडी साधी नाव झाली. मनात 'मी धावलो आणि गाडी पकडली' हा साचा घट्ट बसला की 'मी धावलो, पण गाडी दुसऱ्याच कोणी थांबवली' हे त्यात मावत नाही. तुमची साखळी त्या भुतांच्या वाटेने गेली.

दुसरंही एक कारण आहे. १९७९ मध्ये मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी ३७ विवाहित जोडप्यांना विचारलं, घरातली कामं कोण किती करतं? नवऱ्याने आणि बायकोने आपापला वाटा वेगवेगळा नोंदवायचा. बहुतेक कामांत दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. गंमत म्हणजे भांडण कोण काढतं, यासारख्या नावडत्या बाबतींतही दोघांनी स्वतःकडे जास्त वाटा घेतला. म्हणजे ही नुसती बढाई नव्हे. आपण केलेलं आपल्याला आतून आठवतं, दुसऱ्याने केलेलं तेवढं सहज आठवत नाही. जिथे आपण नव्हतोच तिथलं तर नाहीच.

आणि तुमचे यजमान डब्यात नव्हते. हे जरा नीट बघू या, कारण इथे मला एक मजेशीर हिशेब सापडला आहे.

लांब पल्ल्याच्या गाडीचा डबा साधारण २३ मीटर लांब धरू. गाडी नुकतीच हलली आहे, सेकंदाला २ मीटर सरकते आहे. नवीन लग्न झालेला धडधाकट पुरुष सेकंदाला ५ मीटर धावतो आहे. म्हणजे गाडीच्या मानाने तो सेकंदाला ३ मीटरच पुढे सरकतो. तुमचा डबा तीन डबे पुढे असेल तर त्याला ६९ मीटर कापायचे, त्याला लागले २३ सेकंद. पण तेवढ्या वेळात फलाटावर तो किती धावला? ११५ मीटर. त्याला २३ ने भागून बघा. पाच डबे होतात, अगदी नेमके.

म्हणजे तुम्ही गाडीत बसून मोजलेत ते तीन, आणि ते फलाटावर धावले ते पाच. दोन्ही खरे. मुलगी झाली त्या सुमाराची आवृत्ती शास्त्रशुद्ध होती, असं म्हणायला हरकत नाही. आठचा हिशेब मी वेग बदलून बराच वेळ जमवून पाहिला. अकरा मला लागला नाही. ते त्यांचं त्यांनी बघावं.

सांगायचं एवढंच की तुमच्यापैकी कोणाकडेच अख्खा किस्सा नाही. बाटली, फलाट, पायांतली चप्पल, गाडीची शिट्टी हे त्यांच्याकडे आहे. डब्यात काय झालं ते फक्त तुमच्याकडे आहे. हाताने साखळी सापडली की कोणाला विचारावं लागलं? ती ओढायला किती जोर लागला? शेजारचे प्रवासी काय म्हणाले? गार्ड येऊन कोणावर ओरडला? तुमच्यावरच ओरडला असणार, कारण साखळी तुमच्या हातात होती आणि नवरा बाहेर बाटली कुरवाळत उभा. हे सगळं तुमच्या यजमानांनी कधी ऐकलंय का? मला दाट शंका आहे की १७ वर्षांत त्यांनी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. त्यांच्या लेखी गाडी हळू झाली, एवढंच घडलं. का हळू झाली, तो भाग त्यांच्या डोळ्यांआड होता.

आता काय करायचं ते सांगतो.

पहिल्यांदा अबोला मोडायचा, आणि तो तुम्हीच मोडा. चूक तुमची म्हणून नव्हे. मान घालून बसलेला पुरुष स्वतःहून बाहेर येत नाही, त्याला ते जमत नाही. मी एकदा ४ दिवस तसा बसलो होतो, पाचव्या दिवशी मला कारण आठवेना, तरी बसलो होतो. माफी मागा, पण आकड्याची मागू नका. 'सॉरी, अकरा होते' असं म्हणालात तर ते तुम्हालाही खोटं वाटेल आणि त्यांनाही. 'सॉरी, पण तीनच होते' हे तर मुळीच नको, त्यातल्या 'पण'ने आधीच्या शब्दाचं पोतेरं होतं. जागेची माफी मागा. 'तिथे, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं.' बास. मग थांबा, कितीही मोह झाला तरी. थांबणं हेच यातलं अवघड काम आहे.

त्यांचा चेहरा जरा सैल झाला की, त्याच दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, साखळीचं काढा. तेव्हाही तक्रार करू नका, विचारा. 'तू धावत होतास तेव्हा मी आत काय करत होते, सांगू का?' एवढंच. पुढे ऐकायला ते थांबले नाहीत, तर मला पुन्हा लिहा, मग मी वेगळा सल्ला देईन आणि तो इतका गोड नसेल.

पुढच्या वेळी चार माणसांत किस्सा निघेल. तेव्हा दुरुस्ती करायची नाही, दुवा द्यायचा. ही कला आमच्या हिने मला न सांगता माझ्यावरच वापरली आहे. मी काठी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी पोचतो, सगळे श्वास रोखून बसतात आणि ही शांतपणे म्हणते, 'आणि दिवा कोणी लावला ते सांगा की.' मग मला सांगावंच लागतं की दिवा हिने लावला, मी अंधारात मांजराला 'कोण आहे, बाहेर ये' असं दरडावत होतो. हशा तिथेच पिकतो. चोराच्या किश्श्याला इतकी वर्षं जी दाद मिळते ती त्या दिव्याला मिळते, हे मला उशिरा कळलं. काठी छत्री होती, हे हिने आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आज मीच सांगून बसलो.

सेलिया हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षं एकत्र राहिलेल्या ज्येष्ठ जोडप्यांना मिळून आठवायला बसवलं होतं. २०११ मध्ये त्यांनी ते मांडलं. ज्या जोड्या एकमेकांना दुवे देत होत्या, एकाचं वाक्य दुसरा उचलत होता, त्यांना मिळून जास्त आठवलं. ज्या एकमेकांच्या चुका काढण्यात आणि कसं आठवायचं यावर वाद घालण्यात गुंतल्या, त्यांना तो फायदा झाला नाही. दिव्याची गोष्ट ऐकल्यावर मला यात धक्का बसण्यासारखं काही वाटलं नाही.

तेव्हा यजमान धावत राहू देत. आठ, नऊ, दहा. तुम्ही हातातलं काम करत राहा. ते सिग्नलच्या अलीकडे आले की म्हणा, 'आणि गाडी थांबली कशी?' आधी दोघांचं बोलणं झालेलं असेल, तर ते म्हणतील, 'ते हिला विचारा.' मग तुम्ही गार्डचं सांगा. या वेळी मात्र चार वाक्यांत नको. गार्ड किती ओरडला ते थोडं वाढवलंत तरी चालेल. मी कोणाला सांगणार नाही.

काही ठिकाणी मात्र जिथल्या तिथे दुरुस्ती करावी. डॉक्टरांपुढे नवरा 'मी रोज पाऊण तास चालतो' असं म्हणाला तर लगेच बोला, कारण डॉक्टर त्या वाक्यावर गोळी लिहून देतात. कोणाला उधार दिलेल्या रकमेचा आकडा बदलला तर बोला. किश्श्यातल्या विनोदाचा बळी तिथे हजर नसलेला माणूस असेल आणि त्याची अब्रू जात असेल तर बोला. बाकी डबे, मासे, साप, वादळं आणि परीक्षेतले गुण यांना सूट आहे. गुणांच्या बाबतीत तर मी स्वतः पुष्कळ उपकृत आहे.

यजमान हे सदर वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी. भाऊ, अकरावर थांबा. पुढे गेलात तर गाडीचे डबे संपतील आणि तुम्ही इंजिनाच्याही पुढे निघून जाल. आणि 'मग तूच सांग' हे वाक्य पुन्हा वापरू नका. तुम्ही ते रागाने म्हणालात आणि त्यात बायकोची फजिती झाली, तेव्हा तुम्हाला क्षणभर बरंही वाटलं असेल. मलाही वाटलं असतं. पण त्या दिवशी तुम्ही फलाटावर उभे होतात, तुमचा बिछाना, तिकीट आणि पैसे गाडीत होते, आणि जिने तुम्हाला परत मिळवलं तिच्याऐवजी तुम्ही तो मान खांबावरच्या एका दिव्याला दिलात.

ताई, बाटली घरात आहे म्हणालात. १७ वर्षं पोचा आलेली बाटली कोणी उगाच ठेवत नाही. ती तुम्ही ठेवली आहे की त्यांनी, हे लिहिलं नाहीत. ते आधी शोधा. मग आज रात्री ती भरून त्यांच्या उशाशी ठेवा आणि झोपायला जा.

पुढे काय होईल ते कळवा. डबे किती, ते नाही कळवलंत तरी चालेल. गार्ड काय म्हणाला तेवढं मात्र सविस्तर लिहा.

तुमचा,
काका